घासाघीस न करणारं गिऱ्हाईक

शेठच्या दुकानात कुठल्याच वस्तूला किमतीची चिठ्ठी नसे. गिऱ्हाईक वस्तू उचलून उलटीपालटी करी, नाक मुरडी. शेठ एक आकडा सांगत, गिऱ्हाईक त्याच्या निम्मा सांगे, आणि दोघंही अपमान झाल्यासारखा चेहरा करत. मग गिऱ्हाईक दारापर्यंत जाई आणि शेठ त्याला परत बोलावत. उभी हयात त्यांनी अशीच काढली होती. ‘शेठ’ हे नावही चेष्टेतलंच. जुन्या वस्तू विकून कोणी शेठ झाल्याचं त्या गल्लीत तरी कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

पुढे इमारतीच्या मालकाला गाळा स्वतःच्या मुलासाठी हवा झाला आणि दुकान घरात आलं. बैठकीच्या खोलीत कंदील, आरसे, टाइपरायटर आणि एक मुंडी नसलेला संगमरवरी घोडा दाटीवाटीने राहू लागले. शेठची बायको, जिला सगळी गल्ली वहिनी म्हणे, सोफ्यावर बसायची तर घोड्याला वळसा घालून. त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. पण एक ठोक व्यापारी सगळा माल एका टेम्पोत भरून न्यायला तयार झाला, आणि त्या दिवसापासून शेठ दुपारचे खिडकीत बसून राहू लागले. पुसायला घेतलेला कंदील तासभर मांडीवर तसाच. घोडा चालेल, हे चालायचं नाही, असं वहिनींनी ठरवलं. व्यापाऱ्याला नाही म्हणायचं, इंटरनेटवर दुकान काढायचं आणि कार्डाने पैसे घ्यायचे.

वहिनींनी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेली. चार नमुने घेतल्याशिवाय त्या मत देत नसत. बँकेने कार्डाच्या सोयीसाठी दुकानाच्या पाटीचा फोटो मागितला. पाटी पलंगाखाली होती. वहिनींनी पलंगाखाली जाऊन फोटो काढला, तो बँकेला आवडला नाही. खरेदी-विक्रीच्या एका मोठ्या संकेतस्थळावर कार्डाची सोय आयती होती, पण त्यांचं कमिशन ऐकून वहिनींनी फोन दुसऱ्या कानाला लावून पुन्हा विचारलं. कार्ड घासायचं छोटं यंत्र स्वस्त होतं, फक्त त्याला गिऱ्हाईक समोर हवं. शेवटी एक कंपनी सापडली: आपल्याच संकेतस्थळावर कार्डाचं पान देणार, प्रत्येक विक्रीमागे थोडं कापणार. अट एकच. पहिले तीन महिने पाळत. काही संशयास्पद दिसलं तर खातं बंद, आणि मग दुसरी कुठली कंपनीही दारात उभं करणार नाही.

वहिनींनी अटी मोठ्याने वाचून दाखवल्या. शेठनी ‘कापणार’पर्यंतच ऐकल्या.

“जरा कमी करायला सांग ना त्यांना.”

“अहो, तिथे माणूस नाही. सगळं आपोआप होतं.”

“माणूस नाही, मग कापतं कोण?”

वहिनींनी पुढची अट वाचायला घेतली.

पहिली विकली गेली ती कॉफी दळायची हातचक्की. अंग लाकडाचं, खाली छोटा खण, वर पितळी वाटी. एका बाईंनी कार्डावर पूर्ण किंमत भरली. वहिनी ताट वाढायचं सोडून नाचायच्या बाकी राहिल्या. शेठचा घास मात्र हातातच राहिला.

“काही विचारलं नाही त्यांनी? खण अडकतो का, मुठीचं बोंड मूळचं आहे का?”

“नाही.”

“मग घेतली कशाला?”

“आवडली म्हणून!”

“अगं, तो आकडा घासाघिशीसाठी सांगितला होता. खरा आकडा त्याच्या खाली आहे. आता मी त्या बाईंना लुबाडलं की नाही?”

“भात गार होतोय,” वहिनी म्हणाल्या आणि जेवण उरकून पार्सल टाकायला गेल्या.

एखादं गिऱ्हाईक नाराज झालं तर असावं म्हणून त्यांनी शेठना पैसे परत करायचं बटण शिकवून ठेवलं होतं. घरात आता शेठ आणि ते बटण दोघंच होते. शेठनी थोडे पैसे परत केले. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘खण अडकतो.’ मग चष्मा वर करून पडद्याकडे पाहत राहिले. बाई गप्प. शेठनी आणखी थोडे सोडले: ‘बोंड मूळचं नाही.’ बाई तरीही गप्प. गप्प बसणारं गिऱ्हाईक सगळ्यांत चिवट, हे शेठना धंद्याच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. वहिनी पावती घेऊन परतल्या तेव्हा सहावा हप्ता गेला होता आणि शेठचा चेहरा कित्येक महिन्यांत उजळला नव्हता इतका उजळला होता.

“दाराशी पोचल्या होत्या गं बाई! कशाबशा परत आणल्या.”

वहिनी घोड्याला वळसा न घालता मटकन घोड्यावरच बसल्या.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून फोन आला. माणूस होतं तर! एक तरुण मुलगी, आवाज मधाचा, बोलणं समोर लिहिलेलं वाचल्यासारखं. “एकाच विक्रीत सहा परतावे. यंत्रणेने खातं थांबवलंय, मॅडम. ग्राहकाची तक्रार नसेल तर ठीक. असेल तर आम्हाला खातं बंद करावं लागेल.”

पार्सल पोचल्यावर कंपनी, गिऱ्हाईक आणि वहिनी अशा तिघांचा एकत्र फोन ठरला. वहिनींनी शेठना शेजारी बसवलं.

“तुम्ही फक्त नमस्कार म्हणायचं.”

“आणि मग?”

“मग पाणी प्यायचं.”

फोन लागला. शेठ नमस्कार म्हणाले आणि पेला तोंडाला लावला. चक्कीवाल्या बाई सुरुवातीपासूनच तापलेल्या होत्या.

“अहो, मी मीटिंगमध्ये आणि फोन टिंग-टिंग वाजतोय. आम्ही काही न मागता पैसे परत! विकणाराच स्वतःहून उतरतोय म्हटल्यावर चक्कीत काहीतरी खोट असणारच. मला परत करायचीय.”

“म्हणजे तक्रार आहे असं नोंदवू का?” मधाच्या आवाजाने विचारलं.

वहिनींच्या डोळ्यांपुढे खिडकी आली आणि मांडीवरचा कंदील.

“आणि तो खण,” बाई म्हणाल्या, “अडकतोच.”

शेठनी पेला खाली ठेवला. “ते मी लिहिलंय.”

“लिहून काय होतंय? पैसे किती सोडलेत त्याचे? एवढ्याशा पैशांत खण अडकतो होय?”

वहिनींनी शेठचा गुडघा दाबला. पण शेठचा गुडघा आता त्यांचा राहिला नव्हता. पाठ ताठ झाली होती.

“बाई, लाकूड बघितलंत का? एका खोडातलं आहे. असं आज शोधून दाखवा.”

“लाकूड चाटायचंय का मला? आणखी सोडा.”

“आणखी? पितळेचे पैसे तरी सुटू देत माझे!”

“सर,” मुलगी म्हणाली, “व्यवहार पूर्ण झालेला आहे. आता किंमत...”

“तू मध्ये बोलू नकोस गं,” बाई म्हणाल्या. “बोला हो तुम्ही. नसेल जमत तर राहू दे. मी ठेवते फोन.”

“अहो ऐका तर! फोन कसला ठेवताय? बरं, ना तुमचं ना माझं. आकडा आहे तिथेच राहू दे, मूळच्यासारखं एक बोंड कातून पाठवतो.”

बाईंनी अपमान झाल्यासारखा सुस्कारा सोडला. “पाठवा. पण लवकर.” मग एकदम हसून म्हणाल्या, “आधीच फोन करायचा ना! पडद्यावर आकडा वाचून पैसे भरले, तेव्हापासून काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. कॉफी झकास येते हं.”

“तक्रार...?” मुलीने विचारलं.

“कसली तक्रार? भाव केला आम्ही.”

मुलीकडच्या यादीत फसवणूक होती, बिघाड होता, चुकीची वस्तू होती. भाव नव्हता. तिने बराच वेळ विचार करून ‘इतर’ निवडलं आणि बजावलं: यापुढे किंमत एकदाच ठरवायची. पुन्हा असं झालं तर तिच्याही हातात काही नाही.

त्यामुळे आता वस्तू संकेतस्थळावर चढायच्या आधीच तिचा भाव होतो, आणि गिऱ्हाईक वहिनी असतात. वहिनींनी जन्मात कधी भाजीवालीशी घासाघीस केली नव्हती. सुरुवातीला शेठनी आकडा सांगितला की त्या “बरं” म्हणत, आणि शेठ कपाळाला हात लावत. हळूहळू त्यांना नाक मुरडणं जमलं. मग निम्मा आकडा सांगणंही.

काल कंदिलाची पाळी होती. वहिनींनी काचेवर टिचकी मारली, शेठना ऐकवेना असा आकडा सांगितला, चपला घातल्या आणि दार उघडून सरळ जिन्यात गेल्या. आतून हाक आली नाही. वहिनी कठड्याला टेकून थांबल्या. वरच्या मजल्यावरची शेजारीण पिशव्या घेऊन चढत होती.

“काय हो वहिनी, बाहेर कशा उभ्या?”

“कंदिलाचा भाव चाललाय.”

शेजारणीने उघड्या दारातून आत डोकावून पाहिलं. “शेठ तर पाठ करून बसलेत. मजेत पाय हलवतायत.”

“खिडकीत?”

“छे, घोड्यावर.”

तेवढ्यात आतून खणखणीत आवाज आला, “अहो बाई! ऐका तर! असं कुठे जातं का कोणी?”

वहिनी लगेच वळल्या नाहीत. आणखी एक पायरी खाली उतरल्या.