अनंताला दिलेले पाणी

सन दोन हजार चोवीसच्या वैशाखात, डहाणू तालुक्यातील समुद्रकाठच्या वरोर गावी, पुतळी नावाच्या कोळणीच्या अंगणातला अनंत पिवळा पडू लागला.

हे झुडूप तिचा नवरा भिकू याने घोलवडच्या नर्सरीतून आणून लावले होते. भिकू मागल्या ज्येष्ठात काविळीने गेला. वर्षश्राद्धाला त्याच्या फोटोवर त्याच्याच हातच्या झाडाचे फूल वाहायचे, एवढा एकच हट्ट पुतळीने तेव्हापासून जपला होता.

भिकू असताना होडीतली ताजी मासळी अंगणात धुतली जाई आणि ते पाणी अनंताला मिळे. त्यावर तो असा पोसला, की भिकू तिला चिडवी, "माझ्यापेक्षा याचेच लाड जास्त." भिकूच्या मागे होडी विकली गेली. पुतळी लोकांची मासळी मीठ लावून सुकवू लागली. टोपल्या, पातेली धुतलेले पाणी मात्र ती पूर्वीसारखेच झाडाच्या बुंध्याशी ओतत राहिली. पाणी मासळीचे होते. त्यापलीकडे विचार करण्याची तिला गरज वाटली नाही. पाने पिवळी पडली, तेव्हा झाड उपाशी आहे असे समजून तिने हात अधिकच सैल सोडला. चार कळ्या धरल्या, त्याही न उमलता काळवंडून गळाल्या.

"आये, कधीतरी साधं पाणी घाल की," मुलगी रुपल म्हणाली.

"बापानं लावलेलं झाड साध्या पाण्यावर ठेवू? ही अक्कल सासूला शिकव, सासरी गेलीस की."

श्राद्ध तोंडावर आले, तशी रुपलने नर्सरीतल्या तुषारला बोलावून आणले. त्याने नखाने साल खरवडली. खाली हिरवे काही नव्हते. मग बुंध्याजवळची माती उकरून त्याने चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थुंकला.

"मावशी, याला काय घालता?"

"मासळीचं पाणी. हे होते तेव्हापासून."

"ताज्या मासळीचं?"

ओट्यावर मिठाचे पोते उघडे होते. तिकडे पुतळीची नजर गेली आणि तिथेच राहिली. बोटांच्या भेगांत मीठ चरचरत होते. ते हात तिने पदराखाली घेतले.

"एखादं मूळ तरी जितं असेल," ती म्हणाली.

तुषारने बुंधा हलवून पाहिला.

"नाही, मावशी. मिठानं मेलंय. उपटून टाका."