दोन कुठंय?

क्वेनबरोबर काम करायचं म्हणजे दुपारच्या जेवणाची आशा सोडायची. ती माहितीपट काढते, मी तिचा आवाजवाला. लांब काठीच्या टोकाला माईक बांधून लोकांच्या डोक्यावर धरून उभं राहायचं, हा माझा धंदा. या धंद्यात खांदा जातो आणि पैसा येत नाही. तरी तिचा फोन आला की मी असेन तिथून निघतो, कारण या बाईने प्रश्न विचारला की बायकोलाही न सांगितलेली गोष्ट माणूस तिला सांगून मोकळा होतो.

आम्ही स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या मेक्सिकन बायकांवर फिल्म केली, पहाटे डोनट तळणाऱ्या कंबोडियन म्हाताऱ्यांवर केली, अलास्कातल्या मासे कापणाऱ्या पोरांवर केली. बक्षिसं मिळाली. फक्त क्वेनच्या स्वतःच्या गावावर, कॅलिफोर्नियातल्या वेस्टमिन्स्टरवर, जिथे निम्मं सायगॉन येऊन वसलंय, तिथे एकही नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिची आई, आमची चारकाकू (त्या गावात भावंडांतला आकडा हेच हाकेचं नाव), मला जेवायला वाढताना म्हणायची, "थिएन, हिला सगळ्या जगाच्या आया सापडल्या रे." मला तो टोमणा वाटायचा. क्वेन ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि भांड्याच्या बुडाची खरपूड खरवडून खायची. काकू तिच्यासाठी भात मुद्दाम थोडा लागू द्यायची.

शेवटी क्वेनने गावावर फिल्म केली: नखं रंगवणाऱ्या बायकांवर. पहिला खेळ बोल्सा रस्त्यावरच्या लग्नाच्या हॉटेलात, रविवारी दुपारी. सहाची पत्रिका असली की आठला येणारी आमची माणसं त्या दिवशी वेळेवर आली! मी स्पीकरच्या वायरी जोडत होतो. क्वेन मुतारीकडे खेपा घालत होती. लेकीची एकही फिल्म न पाहिलेली चारकाकू निळी रेशमी आओ-याय घालून पुढच्या टेबलावर बसली होती, अंबाड्याला मोत्यांची पिन लावून. मला इतका आनंद झाला की मी एका वेटरला मिठी मारली.

फिल्म गाजली. बायका स्वतःला पडद्यावर बघून किंचाळत होत्या, एकमेकींना चापट्या मारत होत्या. संपल्यावर टाळ्या थांबेनात. क्वेन मंचावर गेली आणि तिने तिचा ठरलेला विनोद सांगितला. न्यूयॉर्कमध्ये, टोरंटोत, सगळीकडे या विनोदाला हमखास हशा पडतो.

"मला घरी 'तीन' म्हणतात," ती म्हणाली. "बाबा एक, आई दोन, मी तीन. छोटं कुटुंब, मोजायला सोपं."

कोणी हसलं नाही.

मला वाटलं माईक बंद पडला. मी बटणं चाचपली. सगळं चालू होतं. हॉल मात्र असा गप्प की स्वयंपाकघरातली पातेली ऐकू येत होती. आणि मग माझ्या लक्षात आलं, लोक मंचाकडे बघतच नाहीयेत. सगळ्या माना चारकाकूकडे वळल्या होत्या.

सहाआजी म्हणून एक नखांच्या दुकानाची मालकीण आहे, फिल्ममध्येही आहे. ती उठून उभी राहिली. आवाज हळू होता, पण बोलली स्पष्ट.

"पोरी, आपण दक्षिणेकडचे. आपल्यात 'एक' नसतोच. पहिल्या लेकराला दृष्ट लागू नये, म्हणून त्याला 'दोन' म्हणायचं. तू तीन, म्हणजे तू दुसरी." ती थांबली. "तुझा दोन कुठंय?"

मी मिनेसोटातल्या बर्फात वाढलो, आईबाप व्हिएतनामच्या उत्तरेकडचे. आमच्याकडे पहिल्याला सरळ थोरला म्हणतात. पण क्वेन? वर्षभर आम्ही या गावात चारमावशी, पाचकाका, सहाआजी करत फिरलो, आणि 'एक' कुठेच नाही हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. लोकांना वाटत राहिलं, हिला माहीतच असेल. आणि देश सोडून बोटींतून पळालो त्या दिवसांचं कोणी उकरून काढत नाही, ही तर आमची रीत.

क्वेन मंचावर नुसती उभी. मी तिला इतकी वर्षं ओळखतो, पण प्रश्न न सुचलेली क्वेन मी पहिल्यांदाच पाहिली.

चारकाकू उठली, मंचावर चढली आणि लेकीच्या हातातला माईक तिने काढून घेतला.

"दोन बोटी होत्या," ती म्हणाली. "आम्ही नवराबायको एकीत. माझा दोन त्याच्या मामाबरोबर दुसरीत. आमची किनाऱ्याला लागली. दुसरी लागली असं कोणी सांगितलं नाही, बुडाली असंही कोणी सांगितलं नाही. मग निर्वासितांच्या छावणीत ही झाली. सगळे म्हणाले, हिलाच दोन म्हण आता. मी म्हटलं, का म्हणून? दोन आहे माझा. ही तीन."

मग ती क्वेनकडे वळली. "सगळ्या जगाच्या आयांपुढे कॅमेरा लावून बसलीस. मला कधी विचारलंस?"

मला रडू फुटलं, लाज कसली. पण खरं सांगतो, रडू फुटलं तरी छातीत ढोल वाजत होता. कारण काकू रागावलेली नव्हती. ती वाट बघत होती! इतकी वर्षं ही बाई वाट बघत होती की कोणीतरी विचारील.

क्वेनने विचारलं, "उद्या?"

"उद्या कशाला मरायला," काकू म्हणाली. "घर काय लांब आहे?"

आम्ही अक्षरशः पळालो. आओ-याय सावरत काकू पुढे, क्वेन कॅमेऱ्याची पेटी घेऊन मागे, मी काठी खांद्यावर टाकून, आणि मागून सहाआजी च्यायोच्या तळलेल्या गुंडाळ्यांचा डबा घेऊन, कोणी बोलावलं नसताना. वाटेत काकू सांगत होती की त्याच्या डाव्या भुवईत चीर आहे, ती कितीही मोठा झाला तरी जायची नाही. ती हे असं सांगत होती जणू तो पुढच्या वळणावर उभा असेल. मला तर वाटायलाच लागलं की असेल. का नसेल? फिल्म कुठे कुठे जाते!

स्वयंपाकघरात उजेड चांगला होता. काकू सवयीने भात लावून मोकळी झाली आणि खुर्चीवर बसली. मी माईक धरला. क्वेनने कॅमेरा चालू केला. मग तिने जन्मात कधी न उच्चारलेलं नाव उच्चारलं.

"आई, दोनदादाला खायला काय आवडायचं?"

"खरपूड," काकू लगेच म्हणाली. "भांड्याशी नुसता भांडायचा." शेगडीवर भात लागायला लागला होता, वास मला येत होता. ती उठली नाही. "मी भात लागू देते, तुला आवडतो म्हणून, असं वाटायचं ना तुला? खुळी कुठली. तू तर नंतर शिकलीस खायला."