तेरा वर्षं फरारी

"तुमीच लिवलंत, सायब! चार मानसं होडी घेऊन पलाली, असं तुमच्याच चौकीनं लिवलं!"

कृष्णाबाईनं डांबर लावलेल्या दोराचा गुंता टेबलावर आदळला. चिखल साहेबाच्या नकाशावर उडाला.

थळच्या शाळेच्या ओट्यावर शोधपथकाचा आठवडाभर मुक्काम होता. लढाईत बुडालेली एक परदेशी पाणबुडी ते हुडकत होते. यंत्रं आणली, लाँच आणली, आणि शेवटी जागा दाखवली धर्मा तांडेलानं. खांदेरीचा दिवा कनकेश्वराच्या डोंगराखाली आला की वीस वाव खोल पाण्यात जाळी फाटतात, हे थळच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

काल पथकाचा पाणबुड्या खाली उतरला. पाणबुडी सापडली. तिच्या पंख्यात गुरफटलेला, चिखलात गाडला म्हणून टिकलेला हा दोर त्यानं वर आणला. आज कृष्णाबाई साहेबांना मासळी द्यायला आली, आणि पाटी उतरवता उतरवता तिचा हात दोरावरच थांबला.

"ह्यो आमच्या जाल्याचा दोर. हा सांधा माजा हाय. मी डावरी. असा उलटा पीळ सगल्या थलात दुसरं कोन घालतं? बोला की भावजी, का तोंड शिवलंय?"

शेजारी उभ्या धर्मानं मान खाली घातली.

"तुजाच हाय, वैनी. आमी तितं खडक समजलो. दर पुनवंला नारल सोडला नि लांबून गेलो."

"जाली वाचवलीत. मानूस ऱ्हाला खाली."

कृष्णाबाईचा नवरा बुधाजी तीन गड्यांसकट गेला तो त्रेचाळीस साली. तेव्हा शोधायला कुणाला सवड नव्हती. फरारी लिहायला होती. पळपुट्याची पोर म्हणून लेक रतनचं जुळलेलं लग्न मोडलं. कृष्णाबाईनं कुंकू ठेवलं तर लोक हसत. पुसायला गेली तर विचारत, पुरावा काय?

पथकाचा साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं चष्मा काढून पुसला.

"बाई, चौकीची नोंद बदलणं माझ्या हातात नाही. माझं काम पाणबुडीपुरतं."

"मग तुमच्या कागदात काय लिवनार?"

"पंख्यात मासेमारीचं जाळं अडकलं. त्यामुळं ती वर येऊ शकली नसावी."

कृष्णाबाईनं दोरावरचा हात मागं घेतला.

"आत किती होती?"

"एकेचाळीस."

"वैनी, त्यांनीच आपली होडी वढली आसंल," धर्मा घाईनं म्हणाला.

तिनं त्याला हातानंच गप्प केलं. टेबलावरची मेलेल्या खलाशांची टाइप केलेली यादी ओढून घेतली. वाचता येत नव्हतं. ओळींवरून नुसतं बोट फिरवलं.

"यांच्या आयांना कलवनार?"

"प्रत्येकाच्या घरी पत्र जाईल."

"धाडा. वाट बघनं लई वंगाल."

तिनं पदर खोचला. आता आवाज चढलेला नव्हता, म्हणून साहेबाला तिच्याकडं बघणं जास्तच जड गेलं.

"एका सरकारी कागदात माजा दादला पलालेला. दुसऱ्यात त्याचंच जालं दर्याच्या तलाशी. यातला खोटा कागद कंचा? बोला, सायब. मी ऐकल्याबिगर जानार न्हाय."