पेटी मिटून गायलेलं नमन

मित्रांनो, पोटात वारा भरला की मला वाचा फुटते. शाळेच्या प्रार्थनेला तुम्ही जिला हार्मोनियम म्हणता, तीच मी, दिवाकरकाकांची जुनी पेटी. नागपूरच्या एका कारागिराने सागवानाचं अंग, पितळेचे सूर आणि घड्यांचा भाता जोडून मला घडवलं. काकांची रेल्वेत रायपूरला बदली झाली, तेव्हा त्यांनी मला मांडीवर घेऊन प्रवास केला. प्रेमलाकाकू त्यावरून अजून टोमणा मारतात, "बायकोले खिडकी नाही भेटली, अन् पेटीले मांडी!"

काकू कीर्तन करतात. चौबे कॉलोनीतल्या दत्ताच्या देवळात दर गुरुवारी त्या नऊवारी नेसून, हातात चिपळ्या घेऊन उभ्या राहिल्या, की विदर्भातून आलेली आमची सारी मंडळी गोळा होत. घरी हिंदीतच उत्तरं देणारी मुलंसुद्धा आख्यान रंगलं की डोळे मोठे करून ऐकत. कीर्तन संपलं की बुक्का लावणारा हात माझ्या लाकडालाही बोट टेकवून जाई. मला फार धन्य वाटे.

कीर्तनात पेटीचा एक धर्म असतो. गाणाऱ्याचा दम तुटला, सूर निसटला, तर ती जागा पेटीनं भरून काढायची. श्रोत्यांना पत्ता लागू द्यायचा नाही. काका त्यात फार तरबेज. काकूंचा श्वास संपायच्या आत त्यांचा हात भात्यावर असे.

मग काकूंची जीभ जड होऊ लागली. आधी जोडाक्षरं अडखळली, मग पाणी पिताना ठसका लागू लागला, मग चिपळ्या बोटांतून घसरू लागल्या. डॉक्टर भार्गवांनी सांगितलं, की शरीराच्या स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरत चालल्या आहेत. बुद्धी शाबूत, सारी आख्यानं पाठ. वाणी तेवढी निघून चाललेली. आजार थांबवणारं औषध बाजारात नाही.

त्या दिवसापासून घराला चैन नाही, मित्रांनो. काका रिकाम्या खोलीत माझा भाता नुसताच हलवत बसत, पट्टीला बोट न लावता. वारा आत यायचा, बाहेर जायचा. मुलगी राधिका ऑफिसातून आली की चप्पल काढायच्या आधी मोबाइल बघे.

कारण एक आशा होती. परदेशात एका नव्या औषधाची चाचणी चालली होती. आजार जुना झाला म्हणून काकूंना त्या चाचणीत घेतलं नाही. पण ती कंपनी चाचणीबाहेरच्या काही गंभीर रुग्णांनाही औषध देत होती. रुग्णाच्या डॉक्टरांनी ते मागायचं, दुसरा इलाज उरला नाही हे पटवायचं, मग सरकारची परवानगी घेऊन आणवायचं. कंपनीनं काकूंच्या बोलण्याचा व्हिडिओ मागितला.

आता परके लोक बघणार म्हटल्यावर आमचं घर काय करणार? काकू दुपारभर निजल्या. ज्येष्ठमधाचं गरम पाणी प्यायल्या. ठेवणीतली नऊवारी नेसल्या. काकांनी मला पुढ्यात घेतलं, राधिकेनं मोबाइल धरला, आणि काकूंनी नमन म्हटलं. मीही जीव ओतून वाजले. मागून शेजारच्या सत्यभामाकाकू म्हणाल्या, "वा! काही झालंच नाही असं वाटून राहिलं!"

कंपनीलाही तसंच वाटलं. उत्तर आलं: रुग्णाची वाणी बरीच शाबूत आहे, तूर्त औषध देता येणार नाही.

संध्याकाळी डॉक्टर भार्गवांचा फोन आला. राधिकेनं स्पीकर लावला.

"अंकल, मैंने वीडियो दोबारा सुना। जहाँ ताई अटकती हैं, वहाँ बाजा बज जाता है। मुझे आपकी पेटी सुनाई दे रही है, ताई कहाँ हैं?"

राधिकेनं मोबाइल आईजवळ सरकवला.

"एक बार और भेज सकते हैं। लेकिन जल्दी। साँस पर असर आ गया तो वो लोग भी मना कर देंगे।"

काकूंनी मान हलवली. एकेक शब्द ओढून काढत म्हणाल्या, "मी... फाटक्या आवाजात... कधी उभी नाही राहिली. देवापुढे... लाज वाटते."

"अन् माह्या अंगावर जल्मभर ओरडून राहिली," काका म्हणाले, "तवा काहून नाही वाटली लाज?"

काकू हसल्या. हसता हसता रडू लागल्या, आणि मग ते थांबेचना. राधिका त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली. "आई, जैसा है वैसा गा ना. प्लीज."

काकांनी माझा भाता मिटला, खटका लावला, झाकण घातलं. मी त्यांच्या पुढ्यातच होते, पण मुकी. काकू घरातल्या साध्या साडीत उभ्या राहिल्या आणि नमन सुरू केलं. पहिल्या ओळीत अक्षरं एकमेकांत सांडली. दुसऱ्या ओळीत आवाज तुटला, आणि सवयीनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काकांचा हात उठला.

"बाबा, हात!" राधिका कुजबुजली.

काकांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. मित्रांनो, माझ्या आत सगळे सूर जागच्या जागी होते, आणि काकू त्या रिकाम्या जागेत एकट्या उभ्या होत्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यांनी डोळे मिटले, श्वास ओढला आणि पुढची ओळ घेतली. घोगरी, वेडीवाकडी, पण घेतली. नमन पुरं केलं.

कंपनीचा होकार आला. सरकारी परवानगीची वाट पाहण्यात पुन्हा तीच तगमग झाली, पण दत्तगुरूंच्या कृपेनं औषध आलं. गुण येईल असं वचन डॉक्टर देत नाहीत. काकू ते घेतात, आम्ही बघतो.

गुरुवारी त्या पुन्हा देवळात उभ्या राहिल्या. कीर्तनाआधी काकांना म्हणाल्या, "मी थांबली... तर तुमीबी थांबा." आता आवाज तुटतो तिथे मीही गप्प होते, आणि अख्खी सभा पुढच्या शब्दाची वाट बघते. कुणी खोकतसुद्धा नाही.

म्हणून बालगोपाळहो, पेटी घरी असेल तर तिचा भाता उघडा टाकू नका, उंदीर कुरतडतात. आणि घरात कुणाची जीभ अडखळली, हात थरथरला, तर डॉक्टरांपुढे ते झाकू नका. त्या माणसाचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. जरा थांबा. ते येतंय.