फातिमा मातेची चोरी

हेरॉल्ड डाबरे चर्चच्या वांशिक न्याय समितीचा अध्यक्ष झाला, तो काही निवडणूक लढवून नव्हे. लॉकडाऊनमध्ये चर्चला कुलूप लागलं, समित्यांना मात्र ऊत आला. त्यातल्या या समितीवर सगळे गोरेच आहेत, हे चिटणीस ग्लेन्डाबाईंच्या जरा उशिराच ध्यानात आलं. मग झूमच्या चौकटींमधून शोधाशोध झाली आणि वसईहून कधीकाळी इकडे परदेशात आलेला हेरॉल्ड सापडला. रंगानं सोयीचा, बोलायला गोड, स्टीलच्या कारखान्यातून नुकताच रिटायर झालेला. हेरॉल्डनं थोडे आढेवेढे घेतले, ते घ्यायचे असतात म्हणून. मनातून तो हरखला होता. कारखान्यातल्या फोरमननं त्याला उभ्या नोकरीत कधी नावानं हाक मारली नव्हती, ‘हे यू’वर भागवलं होतं. आता गोरी माणसं त्याला ‘मिस्टर चेअर’ म्हणत होती. हे सुख त्याला मरेपर्यंत हवं होतं.

अध्यक्षांनी पहिलीच कल्पना काढली ती वसईची. तिकडे मातेची मूर्ती घरोघर फिरते, एकेका घरी मुक्काम करते, शेजारीपाजारी रोझरीच्या प्रार्थनेला जमतात. इथे कोणी जमायचं नाही, पण मूर्ती तर फिरेल! चर्चमधली फातिमा माता खोक्यात घालून घरोघर पाठवायची आणि रोझरी झूमवर म्हणायची. ‘हाउ ब्यूटिफुल,’ म्हणत ग्लेन्डाबाईंनी डोळे पुसले. प्रश्न एवढाच राहिला, की या घरातून त्या घरी मूर्ती न्यायची कोणी? व्हायरसचं नाव कोणी काढलं नाही, पण सगळ्यांचे गुडघे एकदम दुखायला लागले. शेवटी तो मान मायकल ओवुसूला देण्यात आला. मायकल घानाचा, दोन मुलींचा बाप, हॉस्पिटलात कोविड वॉर्डमध्ये नर्स. हा माणूस तसाही रोज मरणाच्या दारात उभा असतो, असं कोणी म्हणालं नाही. ‘धिस इज इन्क्लूजन,’ असं म्हणाले आणि एकमतानं ठराव पास केला.

नियम हेरॉल्डनं स्वतः केले. मुक्काम संपायच्या आदल्या संध्याकाळी खोका सॅनिटायझरनं पुसून पोर्चवर ठेवायचा. मायकलनं सकाळी येऊन बेल वाजवायची नाही, हाक मारायची नाही, गुपचूप उचलून न्यायचा. म्हणजे कोणाचा कोणाला संसर्ग नको.

हेरॉल्डकडचा मुक्काम शनिवारी संपणार होता. शुक्रवारी मायकलची ड्यूटी बदलली. म्हणून मूर्ती आज संध्याकाळीच नेतो, असा मेसेज त्यानं ग्रुपवर टाकला. तो गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडला गेला. हेरॉल्डनं खोका नियमाप्रमाणे पुसून बाहेर ठेवलेला, कारण शिस्त म्हणजे शिस्त. थोड्या वेळानं फोनवर डोअरबेलच्या कॅमेऱ्याची सूचना वाजली. स्क्रीनवर मास्क, हूडी आणि त्यात एक काळा चेहरा, आणि तो चेहरा मातेला काखोटीला मारून निघालेला. वांशिक न्याय समितीच्या अध्यक्षांनी ताबडतोब पोलिसांना फोन लावला आणि पहिला शब्द उच्चारला तो ‘ब्लॅक’.

पोलिसांनी गाडी कोपऱ्यावरच अडवली. हेरॉल्ड पडद्याआडून बघत होता. त्या माणसाला हात गाडीच्या टपावर ठेवायला लावले होते. खोका खाली बर्फात पडला होता. मास्क उतरवला तेव्हा हेरॉल्डनं ओळखलं.

“अरे, मायकल आहे तो! जा ना बाहेर,” रोझमेरी म्हणाली. ती त्याची बायको. नवऱ्याला ओळखायला तिला कॅमेरा लागत नसे. “हेरॉल्ड, जॅकेट घाल आणि जा.”

“जातो गं. एक मिनिट. काय बोलायचं ते तरी ठरवू दे.”

अध्यक्ष भाषण ठरवत बसले. तोवर शेजारचा म्हातारा वॉल्टर गाउनवरच रस्त्यावर धावला आणि पोलिसांवर खेकसला, की हा चर्चचा माणूस आहे, मी याला हा खोका आणताना बघितलंय, सोडा त्याला. त्यांनी सोडलं.

पुढच्या मीटिंगमध्ये मायकलनं पोलिसांनी कसं अडवलं तेवढंच सांगितलं, आवाज न चढवता. ग्लेन्डाबाई रडल्या. मग फोन कोणी केला याचा तपास सुरू झाला, आणि तो फार वेळ चालला नाही. हेरॉल्डच्या गल्लीत एकच खडूस म्हातारा गोरा, त्याच्या तक्रारी हेरॉल्डनंच कधीतरी ऐकवलेल्या. “तुझा तो वॉल्टरच ना?” ग्लेन्डाबाईंनी विचारलं. सगळ्या चौकटी अध्यक्षांकडे बघू लागल्या. ‘मिस्टर चेअर’चा मिस्टर आता जातो की काय, असं हेरॉल्डला वाटलं.

“मी कोणाचं नाव घेणार नाही,” तो म्हणाला.

केवढं मोठं मन! ठराव झाला, की अध्यक्षांनी जातीनं वॉल्टरकडे जावं, वंशवादावरचं एक पुस्तक आणि एक केक द्यावा आणि त्याला प्रेमानं सुधारावं. रोझमेरीनं केक करायला साफ नकार दिला. “तुझं पाप, तूच बेक कर,” म्हणाली. त्यानं ग्रोसरीतून विकत आणला.

केक घेऊन तो रविवारी दाराबाहेर पडला आणि समोर मायकलची गाडी थांबली. मूर्तीची दुसरी फेरी सुरू झाली होती. मायकल ड्राइव्हवेवर आला नाही. तो फुटपाथवरच उभा राहिला. असल्या थंडीत त्यानं टोपी काढली, मास्क उतरवला, हातमोजे गाडीच्या बॉनेटवर ठेवले, आणि मग दोन्ही उघड्या हातांनी खोका छातीसमोर धरून कॅमेऱ्याकडे बघत मोठ्यानं म्हणाला, “मी मायकल ओवुसू. चर्चमधून आलोय. माता आणलीय.”

गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. आयुष्यात एवढं हेरॉल्डला फोरमननंसुद्धा लाजवलं नव्हतं.

“मायकल,” त्याच्या तोंडून निघून गेलं, “तो फोन वॉल्टरनं नाही केला. मी केला.”

“ठाऊक आहे, ब्रदर हेरॉल्ड. पोलिसांनी तिथेच सांगितलं.”

“मग मीटिंगमध्ये बोलला का नाहीस?”

“तू अध्यक्ष होतास. म्हटलं, तू बोलशील.” मायकलचे ओठ थंडीनं थरथरत होते. “आता हा खोका घे. मी पोर्चवर येणार नाही. मुलींना तसं वचन दिलंय.”