एसाबाचा ब्रश

एल्मिना या बंदरगावातल्या त्या घरात कुठला ब्रश कुणाचा, हा प्रश्न कधी कुणाला पडलाच नव्हता. न्हाणीच्या भिंतीला एक डबा, डब्यात सगळे ब्रश, हाताला लागेल तो आपला. चूल एक, अंगण एक, मग ब्रशाचं ते काय एवढं!

घरच्या सुनेने, अराबाने मात्र लेकीसाठी नवा ब्रश आणला आणि तो डब्यात न टाकता आपल्या खोलीत खिळ्याला टांगला. सहा वर्षांच्या एसाबाच्या हृदयाची झडप नुकतीच दुरुस्त करून आणली होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, तोंडातले जंतू हिरडीतून रक्तात उतरतात आणि अशा झडपेवर जाऊन बसतात. दात स्वच्छ ठेव, ब्रश दुसऱ्या कुणाच्या तोंडात जाऊ देऊ नको, आणि ताप आला तर तडक घेऊन ये. घरी अराबाने एवढंच सांगितलं, "डॉक्टरांचा हुकूम आहे." पोरीच्या मरणाची गोष्ट तोंडातून काढायची कशी? बोललं तर ते खरं होईल, अशी तिला धास्ती.

सासू एफुआ मासे भाजणाऱ्या बायकांची म्होरकी. तिच्या जिभेला अख्खा बाजार टरकून असायचा.

"माझ्या तोंडात काय किडे पडलेत?" ती अंगणभर ऐकू जाईल अशी म्हणाली. "हिच्या बापाला चावून चावून घास भरवले मी. मेला का तो? आणि आता सूनबाई खिळे ठोकतायत!"

"खिळा राहणार, आई. काय बोलायचं ते बोला."

मग एके दिवशी नणंदेच्या सोयरिकीची माणसं भल्या पहाटे दारात हजर. तोंड न धुता पाहुण्यांशी बोलायचं म्हणजे सगळ्या आळीत नाक कापून घ्यायचं. न्हाणीपाशी ही गर्दी! एफुआ गुपचूप सुनेच्या खोलीत शिरली.

अराबा पाणी घेऊन आली, तर सासूच्या तोंडात एसाबाचा ब्रश आणि ओठांवर फेस. पोरगी अजून झोपलेली.

"आई! नाही, थुंकू नका. तोंड भरलंय तोवरच ऐका, एरवी तुम्ही कुठल्या ऐकताय! हौस म्हणून नाही खिळा ठोकला मी. ती घाण रक्तात गेली तर झडप सडेल. मरेल हो पोरगी! आपली एसाबा मरेल!"

ज्याची धास्ती होती, तेच ती बोलून गेली. मग तिने सासूच्या हातातून ब्रश ओढला, मोडला आणि खिडकीबाहेर भिरकावला.

एफुआने चूळ भरली. आता वीज कडाडणार, असं अराबाला वाटलं. पण म्हातारी मटकन खाटेवर बसली.

"मरायचं तू बोललीच नाहीस गं. मला वाटलं, सुनेची नाटकं. काल पण मी हाच घेतला. परवा पण." तिने नातीच्या कपाळावर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. "अराबा, अंग तापलंय हिचं."

अराबाने हात लावून पाहिला. खरंच तापलं होतं. रडायला वेळ नव्हता. तिने पोरीला पाठीशी बांधलं.

अंगणात पाहुणे नमस्कारासाठी उठून उभे राहिले. एफुआ त्यांच्याकडे न बघताच पुढे निघाली.

"आई, अगं पाहुणे! माझं लग्न मोडेल!" नणंद कळवळली.

"मोडू दे. सरका हो वाटेतून!"

आणि एफुआ रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून पहिल्याच टॅक्सीपुढे उभी राहिली.