टीमच्या हातावर दही

आमचे विनायक भावजी किती उंच होते सांगू? टावर चौकात उभे राहिले की घड्याळच वर बघून त्यांना वेळ विचारायचं. हसू नकोस ऋता, तुझ्या आजोबांचे सख्खे धाकटे भाऊ होते ते.

बास्केटबॉलचे कोच. कधी पोलाद कारखान्याची टीम, कधी मद्रासच्या बँकेची, मग शिलाँगचं कॉलेज, मस्कतचा क्लब. टीम जिंकायला लागली की साहेबाचा भाचा खेळायला यायचा. भावजी त्याला बाकावर बसवायचे, आणि साहेब भावजींना परतीच्या गाडीत.

निघताना मी दर वेळी त्यांच्या हातावर दही-साखर ठेवायची, माणूस परत यावा म्हणून. ते यायचेच, होल्डॉल घेऊन. त्यांची बायको रजनी म्हणायची, ताई, तुमच्या दह्यात जरा जास्तच जोर आहे.

मग घरोघरी केबल आलं. अमेरिकेतले सामने बघून इथल्या एका कॉलेजचे प्राचार्य भय्यासाहेब बास्केटबॉलवर फिदा झाले. भावजींना कोच केलं, पण शर्त घातली: इंदूरला हरवा, नाहीतर राम राम. रजनीने तोवर माधव नगरातल्या भाड्याच्या घरापुढे लिंबाचं झाड लावलं होतं. त्याला लिंबू धरल्याशिवाय आता मी हलणार नाही, म्हणाली.

सामन्याच्या दिवशी मी वाटी पुढे केली, तर भावजींनी हात मागे घेतला.

"नको वहिनी. तुमचं दही मला प्रत्येक नोकरीतून परत आणतं."

बरं बाई. मी पातेलंच उचललं, बसपाशी गेले आणि टीममधल्या एकेका मुलाच्या हातावर चांगला गोळा ठेवला. चाटून घ्या, पण काम फत्ते होईपर्यंत हात धुवायचे नाहीत, असं बजावलं.

मुलं गुणी. इंदूरच्या मैदानात चेंडू हाताला असा चिकटला की समोरचे दोघं-दोघं मिळून ओढत होते. एकाच्या हाताला तर चेंडूसकट इंदूरचा कॅप्टन लटकला. आपली टीम पुढे, आणि पंचांना काही पत्ताच नाही. पण भावजींनी एकाच्या हाताचा वास घेतला. वास ओळखीचा होता. त्यांनी स्वतःच खेळ थांबवला, पंचांना सांगितलं, मुलांना नळावर पाठवलं, चेंडूही पुसून घेतला.

त्यानंतर एका बास्केटने हरलो.

संध्याकाळी भावजी होल्डॉल बांधायला बसले. रजनी त्यावर चढून बसली. म्हणाली, बांधायचा तर माझ्यासकट बांधा.

तेवढ्यात भय्यासाहेब दारात, मागे सगळी टीम.

"विनायकराव, तिकडचे पंच स्वतः येऊन तुमच्याशी हात मिळवून गेले. आता तुम्हाला काढलं तर शहरात माझीच हंसी होईल. पुढच्या वर्षीही तुम्हीच." मग माझ्याकडे वळले. "फक्त आपण बसच्या जवळ यायचं नाही."

मी हो म्हटलं. बसच्या जवळ म्हणाले होते, घरात नाही.

आणि ते झाड? लागली ना लिंबं. एकेक नारळाएवढं.